जन्माचा तपशील आणि कामाचे वृत्त

सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका गल्लीत झेरॉक्सचे एक छोटेसे दुकान आहे. ‘मराठी-इंग्रजी टायपिंग व सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी त्यावर लटकते. कामाच्या निमित्ताने माझे तेथे वरचेवर जाणे होते. तुळशीची लग्ने लागली की या दुकानात गर्दी वाढू लागते. विवाहेच्छू मुलामुलींचे बायोडाटा आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे नोकरीचे बायोडाटा, दोन्ही त्याच एका संगणकावर तयार होत असतात. एकदा रांगेत उभा असताना सहज पडद्याकडे पाहिले आणि लक्षात आले की, दुकानदाराने दोहोंसाठी नमुना एकच ठेवला आहे. वर श्रीगणेशाचे चित्र, उजव्या कोपऱ्यात छायाचित्र, त्याखाली पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, उंची. कागद नोकरीचा असेल तर गणपती, रास, गोत्र आणि मामाचे कूळ तेवढे काढायचे आणि त्या जागी ‘कॉम्प्युटर नॉलेज’ असे लिहायचे. बाकी सारे तेच!

हसू आले खरे. पण ते फार काळ टिकले नाही. कारण रांगेत माझ्यापुढे परिचयातील एका कुटुंबातली मुलगी उभी होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली. ‘‘काका, जरा पाहता का? बारा ठिकाणी पाठवला, कुणाचंच उत्तर नाही,’’ असे म्हणत तिने आपला कागद पुढे केला. तिच्या पिशवीत दुसराही एक कागद होता. नोकरीचे काही जमले नाही तर उन्हाळ्यात स्थळे पाहायची असे घरच्यांनी ठरविले होते आणि त्यासाठीचा बायोडाटाही त्याच दिवशी छापून न्यायचा होता. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून मी वाचले. मुलीविषयी मला जे काही ठाऊक होते, त्यातले बरेचसे लग्नाच्या कागदावर होते. नोकरीच्या कागदावर जवळपास काहीच नव्हते.

त्या दीड पानाच्या कागदाची सुरुवात ‘ध्येय’ या मथळ्याने होत होती. आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःच्या व संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे, अशा अर्थाचे एक लांबलचक इंग्रजी वाक्य तेथे होते. पुढे दहावी, बारावी आणि महाविद्यालयाच्या गुणांचा तक्ता. मग ‘गुण’ म्हणून कष्टाळू, प्रामाणिक, सकारात्मक, संघभावना असलेली अशी विशेषणांची माळ. छंद : वाचन, संगीत ऐकणे. अवगत भाषा : इंग्रजी, हिंदी, मराठी. शेवटी, वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, असे प्रतिज्ञापत्र आणि सही. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या कागदांचा एक गठ्ठा कोणीही चाळून पाहावा. नाव आणि गुण झाकले तर हे कागद कोणाचे, हे त्या मुलांच्या आईवडिलांनाही सांगता येणार नाही.

आता या कागदावर नसलेली माहिती सांगतो. मुलीचे घर शहराच्या पूर्व भागात, मातृभाषा तेलुगू. वडील आणि चुलते मिळून आठ मागांचा टॉवेलचा छोटा कारखाना चालवतात. आठवीपासून सुट्टीत ही मुलगी कांड्या भरायला बसत असे. गेली तीन वर्षे ती कामगारांच्या आठवड्याच्या पगाराचा हिशेब ठेवते, सूत किती आले आणि माल किती गेला याची नोंद करते, व्यापाऱ्याची बिले संगणकावर तयार करते आणि वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्यासाठी लागणारी सारी कागदपत्रे कर सल्लागाराकडे वेळेवर पोहोचवते. हैदराबादच्या व्यापाऱ्याशी थकबाकीबद्दल फोनवर तेलुगूत बोलते तीच, कारण चुलत्यांचा पारा लवकर चढतो! वाणिज्य शाखेच्या पदवीधराकडून एखाद्या कार्यालयाला नेमके जे हवे असते, ते हिने पदवी मिळण्यापूर्वीच केलेले आहे. आणि त्यातला एक शब्दही कागदावर नाही.

‘‘हे का नाही लिहिलंस?’’ असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘ते घरचं काम आहे, काका. त्यात काय लिहायचं? आणि कांड्या भरते म्हटलं तर हसतील की.’’

या उत्तरात दोन गोष्टी आहेत. एक, जे काम पगार आणि नेमणूकपत्राशिवाय केले जाते ते काम नव्हेच, ही समजूत. आणि दुसरी अधिक खोलवरची, ती म्हणजे हाताच्या कामाची लाज. ज्या सोलापूरची चादर आणि टॉवेल या शहराच्या नावाने ओळखले जातात, ज्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे, त्याच सोलापुरातील मुलीला मागावरच्या कामाचा उल्लेख कमीपणाचा वाटावा, यावर आपण सर्वांनीच अंतर्मुख व्हायला हवे. श्रमप्रतिष्ठेवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. पण मुलगा नोकरीसाठी निघाला की त्याच्या कागदावरून श्रम पुसून टाकण्याचे काम आपणच करतो.

याचे मूळ शोधायचे तर या शहराच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल. १८७० च्या दशकात सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. पुढे ती ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यानंतर विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि तीन-चार पिढ्या या शहराचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर चालला. या गिरण्यांत कामाला लागण्यासाठी कोणाला कागद लागत नसे. लागे ती ओळख. खात्यातला जॉबर आपल्या गावच्या, नात्यातल्या, गल्लीतल्या पोराला बदलीवर घेई आणि पुढे तो कायम होई. या पद्धतीत वशिला आणि लाच यांना मुबलक वाव होता. १९३१ सालच्या शाही श्रम आयोगाच्या अहवालानेही जॉबरच्या हाती असलेल्या या अधिकारावर टीका केली होती. तरीही एक गोष्ट खरी की, जॉबर त्या पोराच्या घराला ओळखत होता. पोरगा कष्टाळू आहे की कामचुकार, हे त्याला कोणी लिहून द्यावे लागत नव्हते.

पुढे या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगा थांबला, जॉबर गेला, पण ‘ओळखीने काम होते’ ही समजूत मात्र घराघरांत टिकून राहिली. आजही मुलगा पदवीधर झाला की वडील आधी ‘पुण्यात आपलं कोण आहे?’ असे विचारतात. ‘तुला काय येतं?’ हा प्रश्न त्यानंतर कधीतरी येतो, किंवा येतच नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांचे तेथे कोणी असते. हिंजवडीतल्या वा हैदराबादेतल्या ज्या माणसाच्या हाती हा कागद पडणार, त्याला ना आपली गल्ली ठाऊक, ना आपले घर. त्याच्या दृष्टीने आपली ओळख म्हणजे तो एक कागद. तो कागदच मुका असेल तर त्या माणसाने काय करावे?

आपल्यासारख्या घरांत आणखी एक अडचण आहे आणि ती मोकळेपणाने मांडली पाहिजे. स्वतःविषयी बोलू नये, केलेल्या कामाचा गाजावाजा करू नये, प्रसिद्धीपासून दूर राहावे, हा संस्कार आपल्यावर लहानपणापासून होत असतो. संस्कार चांगलाच आहे. परंतु मुले त्याचा अर्थ असा घेतात की, केलेल्या कामाचा उल्लेखसुद्धा करू नये. मग गंमत अशी होते की, केलेले काम लिहिणे म्हणजे आत्मस्तुती ठरते आणि ‘मी कष्टाळू, प्रामाणिक व नेतृत्वगुणसंपन्न आहे’ असे लिहिणे मात्र नम्रपणाचे वाटते! वास्तविक आत्मस्तुती कोणती असेल तर ती हीच. प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र स्वतःच स्वतःला द्यायचे नसते. ते दुसऱ्याने द्यायचे असते.

संघटनेत काम केलेल्या वाचकांना ‘वृत्त’ म्हणजे काय, हे सांगायला नको. कार्यक्रम कोठे झाला, केव्हा झाला, उपस्थिती किती, कोणी काय केले. वृत्तात विशेषणे नसतात, संख्या असते. आणि चांगले वृत्त लिहिणाऱ्या कार्यकर्त्याला कोणी आत्मप्रौढी करणारा म्हणत नाही. उलट वृत्त देण्यास टाळाटाळ करणाऱ्यालाच बैठकीत विचारणा होते. विद्यार्थ्याचा बायोडाटा म्हणजे त्याने आजवर केलेल्या कामाचे एक पानी वृत्त. एवढे एकदा मनात पक्के झाले की संकोच आपोआप गळून पडतो आणि काय लिहावे, हा प्रश्नही अर्धा सुटतो.

उदाहरणेच घेऊ. ‘नेतृत्वगुण’ असे लिहिण्याऐवजी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात पन्नास जणांच्या भोजनव्यवस्थेची जबाबदारी सांभाळली आणि ठरलेल्या रकमेत ती पार पाडली, असे लिहावे. ‘समाजसेवेची आवड’ या शब्दांतून काहीच कळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ भागातील गावांत धान्याची पाकिटे पोहोचवायला, गाळ उपसायला अनेक मुले गेली होती. ज्याने हे केले त्याने किती दिवस गेलो, कोणत्या गावी गेलो, नेमके काय केले, हे दोन ओळींत लिहावे. सिद्धेश्वरांच्या यात्रेत जे स्वयंसेवक म्हणून उभे राहतात, त्यांनी हजारोंची गर्दी जवळून हाताळलेली असते. शेतकऱ्याच्या मुलाने द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेच्या फवारणीची वही ठेवली असेल, आईने वळलेल्या विड्यांचा आणि मिळालेल्या मजुरीचा हिशेब एखादी मुलगी दर आठवड्याला तपासत असेल. ही सारी कामे आहेत. त्यांना संख्या आहे, कालावधी आहे, जबाबदारी आहे. नोकरी देणाऱ्याला वाचायचे असते ते हेच.

भाषांच्या बाबतीत तर आपण हातचे घालवतो. सोलापूरसारखे शहर महाराष्ट्रात विरळाच. घरी तेलुगू वा कन्नड, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, पुस्तकात इंग्रजी, असे चार-पाच भाषांत वावरणारे विद्यार्थी येथे वर्गावर्गांत आहेत. आणि ‘अवगत भाषा’ या रकान्यात त्यांतली नेमकी घरची भाषा गाळलेली असते! मुंबई-चेन्नई लोहमार्गावरचे हे शहर. हैदराबाद येथून सुमारे तीनशे किलोमीटर. ज्या कंपनीचा व्यवहार तेलंगण वा कर्नाटकात आहे, तिला तेलुगू-कन्नड बोलणारा मराठी पदवीधर म्हणजे दुधात साखर. मात्र येथेही नेमकेपणा हवा. तेलुगू बोलता येते पण लिहिता येत नाही, तर तसेच लिहावे. इंग्रजी वाचून समजते पण बोलताना अडखळायला होते, तर ‘फ्लुएंट’ असे ठोकून देऊ नये. मुलाखतीच्या पहिल्या मिनिटात ते उघडे पडते.

मीही एकदा असा उघडा पडलो आहे. १९९३ साली बी.ए. होऊन एका दैनिकात नोकरी मागायला गेलो, तेव्हा तीन पाने फुलस्केप अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून नेला होता. त्यात ‘लेखनाची मनापासून आवड’ हे शब्द निदान चार वेळा आले असतील. संपादकांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, ‘‘आवड कळली. लिहिलंय काय?’’ महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाचे मी दोन वर्षे संपादन केले होते, एका साप्ताहिकात पाच लेख छापून आले होते. पण ते किरकोळ म्हणून अर्जात घातलेच नव्हते. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी कात्रणे घेऊन बोलावले. तीन पानी अर्ज त्यांनी परत दिला, तो बहुधा अजून घरी कोठेतरी असेल.

काय लिहावे याइतकेच काय लिहू नये, हेही महत्त्वाचे. खासगी नोकरीच्या बायोडाटात धर्म, जात, उंची, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय यांचे काहीही काम नसते. छायाचित्रही मागितले असेल तरच. शासकीय अर्जाची गोष्ट वेगळी. लोकसेवा आयोग असो वा बँक, तेथे ठरलेला नमुना असतो आणि जे विचारले आहे ते तंतोतंत भरायचे असते. पण जेथे विचारलेले नाही तेथे आपण होऊन जात कशासाठी सांगायची? हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पात्रता सारखीच असतानाही केवळ नावावरून दलित आणि मुस्लिम अर्जदारांना बोलावणे येण्याची शक्यता कमी झाल्याचे त्यात आढळले. समरसतेचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः ज्यांच्या टेबलावर असे अर्ज येतात त्यांनी, हे आपल्याविषयीच आहे असे समजून वाचले पाहिजे. आडनाव तर लपत नाही. निदान त्याच्या शेजारी जातीचा रकाना आपण होऊन छापायला नको.

जन्माचा तपशील वगळून केवळ आपल्याला काय येते, यावर काम मागण्याची रीत आजची नाही. इ.स. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. हस्ताक्षर त्याचे स्वतःचे नसावे, असे अभ्यासक मानतात. तिशीच्या घरातील लिओनार्दो त्यात आपण कोणाचा मुलगा, कोठला, हे सांगत बसत नाही. लुडोविकोला लढायांची चिंता आहे हे ओळखून तो आधी लिहितो की, मला हलके आणि उचलून नेता येणारे पूल बांधता येतात, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढून टाकता येते, तोफा आणि झाकलेले युद्धरथ बनविता येतात. अशी एकेक करामत क्रमाने सांगून झाल्यावर शांततेच्या काळातील बांधकामाचा उल्लेख येतो आणि शिल्प व चित्रकला अगदी शेवटी. ज्याचे चित्र पाहायला आज जगभरातून लोक पॅरिसला जातात, त्या माणसाने चित्रकला शेवटी टाकली, कारण वाचणाऱ्याची गरज वेगळी होती. आणि शेवटी, यातले काही अशक्य वाटत असेल तर प्रात्यक्षिक करून दाखवायला तयार आहे, असेही तो सांगतो. आपली मुले एकच कागद बारा ठिकाणी पाठवतात. बारा जणांच्या गरजा बारा असतील, तर निदान वरच्या चार ओळींचा क्रम तरी प्रत्येक वेळी बदलायला हवा. त्यासाठी समोरची संस्था काय करते, हे आधी वाचावे लागते. बहुतेक अर्ज तेथेच फसतात.

प्रात्यक्षिकाला तयार असणे, ही यातली सर्वांत कठीण अट. कारण न केलेले काम लिहिण्याचा मोह मोठा असतो. अभियांत्रिकीचे प्रकल्प तयार विकत मिळतात, इंटर्नशिपची प्रमाणपत्रे मिळतात, हे आता गुपित राहिलेले नाही. ‘सगळेच करतात’ असे म्हणून काही पालकच त्यासाठी पैसे मोजतात, ही अधिक दुःखाची गोष्ट. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स यांना २००७ साली पद सोडावे लागले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तेथे नोकरीला लागताना त्यांनी नसलेल्या पदव्या लिहिल्या होत्या आणि कामात नाव मिळवूनही ते खोटे त्यांना सोडून गेले नाही. २०१२ साली याहू कंपनीचे मुख्याधिकारी स्कॉट थॉम्पसन अवघ्या चार महिन्यांत पायउतार झाले. त्यांच्या परिचयात संगणकशास्त्राची न घेतलेली पदवी होती. आपल्या मुलांच्या कागदाखाली ‘वरील माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा असते. ती प्रतिज्ञाही दुसऱ्याच्या कागदावरून उतरवलेली असते, हे सोडा. पण सही तर स्वतःची असते!

आता कागदाच्या बाह्यरूपाविषयी थोडेसे. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समासच लिहिला आहे. अक्षर सारखे असावे, ओळी सरळ असाव्यात, समास मोकळा सोडावा, असा उपदेश त्यात आहे. संगणकाच्या युगातही त्यात बदल करण्यासारखे काही नाही. विद्यार्थ्याला एक पान पुरे. शेवटचे शिक्षण आधी, शाळा नंतर. रंगीत चौकटी, दोन स्तंभ, चांदण्या लावून दाखविलेली कौशल्ये यांचा मोह टाळावा. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणकप्रणालीतून जातो आणि अशा नक्षीतला मजकूर तिला नीट वाचता येत नाही. मराठीतून अर्ज करायचा असेल, आणि करायला काहीच हरकत नाही, तर तो युनिकोडमध्ये टंकलेला असावा. जुन्या श्री-लिपी वा कृतिदेव अक्षरांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा भुसा दिसतो. ईमेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा असावा. ‘किंग’, ‘प्रिन्सेस’ मित्रमंडळींपुरते ठेवावेत.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बायोडाटा लिहून घेण्याची सोय झाली आहे. व्याकरण तपासायला तिचा उपयोग जरूर करावा. पण तुम्ही काय केले, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. सांगितले नाही तर ते तीच जुनी विशेषणांची माळ अधिक झकपक इंग्रजीत गुंफून देते आणि मग मुलाखतीत स्वतःच्याच कागदावरच्या शब्दाचा अर्थ विचारला की पोरगा छताकडे पाहू लागतो.

हे सारे मुलांनी एकट्याने शिकावे, अशी अपेक्षा मात्र अन्यायाची ठरेल. समुद्रतीरावर हनुमंताला स्वतःच्या सामर्थ्याचे स्मरण नव्हते, ते जांबवंताने करून दिले, ही कथा आपण मुलांना सांगतो; जांबवंत कोणी व्हायचे, हे ठरवत नाही. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते. जिल्ह्यातल्या मुलांना पदवीसाठी बाहेरच्या विद्यापीठाकडे पाहावे लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण श्रेयांकांसह आले आहे. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधरास दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन देऊन सहा महिने प्रत्यक्ष कार्यालयात पाठविले. या योजनेतून गेलेल्या काही मुलांचे कागद मी पाहिले. त्यांवर कार्यालयाचे नाव आहे, कालावधी आहे. सहा महिने तेथे केले काय, याचा पत्ता नाही. ‘मिळेल ते काम केले’ असे एकजण म्हणाला. त्याला खोदून विचारले तेव्हा कळले की, अभिलेख कक्षातल्या जुन्या नस्तींची त्याने वर्षवार सूची केली होती. एखाद्या प्राध्यापकाने वर्षातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याशी अशी पंधरा मिनिटे खोदून बोलावे, एवढेही आपल्याकडे होत नाही. प्लेसमेंट विभागाची पाटी बहुतेक ठिकाणी लागलेली असते.

आणि नोकरी देणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. चिंचोली आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतींत ‘कामाची माणसं मिळत नाहीत’ अशी तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकतो. त्याच तोंडाने ‘कुणी आपल्यातला असेल तर पाठवा’ हेही ऐकतो. आपल्यातला म्हणजे कोणातला? जाहिरात द्यायची नाही, आलेले अर्ज वाचायचे नाहीत, नकाराचे एक ओळीचे उत्तरही पाठवायचे नाही आणि मग मुले पुण्याला जातात म्हणून हळहळायचे, हे आता पुरे झाले. गिरणीतला जॉबर गेला असे आपण समजतो. तो अनेक केबिनमध्ये अजून बसलेला आहे.

त्या मुलीला मी घरी बोलावले. कागद पुन्हा लिहायला तीन संध्याकाळी लागल्या. ‘ध्येय’ गेले, विशेषणे गेली, जात आणि उंची गेली. वाचनाचा छंद तिने स्वतःच खोडला. शेवटचे पुस्तक कोणते वाचले, हे आठवेना! त्या जागी कारखान्याचा हिशेब आला, अकरा कामगारांचा साप्ताहिक पगार आला, बिले आली, थकबाकीचे फोन आले, तेलुगू आली. तिसऱ्या दिवशी तिला न्यायला वडील आले होते. मुलीच्या कागदाचे काय चालले आहे, ते त्यांना फारसे कळत नव्हते आणि विचारायचाही संकोच होता. आम्ही मात्र एका शब्दाशी अडलो होतो. कांडी भरणे याला इंग्रजीत काय म्हणायचे? मी शब्दकोश काढला, मुलीने फोनवर शोधायला सुरुवात केली.

‘‘पर्न वाइंडिंग,’’ दाराशी बसलेले वडील म्हणाले.

आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे पाहिले. ते सातवीपर्यंत शिकलेले.

‘‘मशीनच्या पाटीवर लिहिलंय की,’’ ते म्हणाले. मग थोडे पुढे सरकून बसले आणि मुलीला विचारू लागले, ‘‘आणि मागचं सूत बदललं तवाचा हिशेब? तो पण तूच केलीस की गं. ते लिहिलीस का?’’